झाडगावची सभा

भाद्रपदात ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडे हळवं भात निसवलेलं असतं, गरवं अजून पोटरीत असतं. खाचरांतलं पाणी निवळलेलं, बांधावरचं गवत कमरेला लागणारं, आणि माणसं गणपतीच्या गडबडीत. नेमक्या याच दिवसांत मोबाइलवर एक निरोप येऊन पडतो. अमुक कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा, रिमोट ई-व्होटिंग अमुक तारखेला सुरू, अमुक तारखेला संध्याकाळी पाचला बंद. मार्चअखेरीला वर्ष संपवणाऱ्या कंपन्यांना सप्टेंबर सरायच्या आत सभा घ्यावी लागते, म्हणून पावसाच्या उतरणीला हे निरोप एकामागून एक येतात आणि न वाचताच पुसले जातात. मत द्यायचं म्हटलं तर फार काही लागत नाही. डिपॉझिटरीच्या पानावर खात्याचा क्रमांक टाकायचा, ओटीपी घालायचा, की ठरावांची यादी उघडते. हिशेबपत्रकं स्वीकारणे, लाभांश जाहीर करणे, पाळीने निवृत्त होणाऱ्या संचालकाची फेरनेमणूक, लेखापरीक्षकांचा मेहनताना, आणि कधीकधी या रुक्ष यादीत मधेच एक ओळ: संबंधित पक्षाशी होणाऱ्या व्यवहाराला मंजुरी. प्रत्येक ठरावापुढे दोनच खुणा, अनुकूल आणि प्रतिकूल. सगळी यादी वाचली नाही तरी चालेल, पण या ओळीवर, म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांच्या आपल्याच माणसांशी होणाऱ्या सौद्यावर, मात्र थांबायला हवं, असं मला फार वाटतं.

या दोन तालुक्यांना शेअर नवा नाही. विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज घेताना शेअरची रक्कम कापून घेतात, हे इथल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. कंपनीचा शेअर मात्र अलीकडचा. आसनगावहून लोकल पकडणारे नोकरदार, मुरबाडच्या एमआयडीसीत पाळ्या करणारे कामगार, निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा मंडळींच्या मोबाइलमधून तो घरात आला. समृद्धी महामार्गात शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या, थेट खरेदीत पाचपट दर मिळाला, आणि पिढ्यानपिढ्या मातीत असलेलं धन पहिल्यांदाच पासबुकात उतरलं. त्यातलं काही घर बांधण्यात गेलं, काही गाडीत, काही मुलांच्या शिक्षणात, आणि थोडंफार डीमॅट खात्यातही गेलं असणार. पूर्वी शेअरचा कागद ट्रंकेत असायचा, त्यावर कंपनीचं नाव, शिक्का आणि संचालकाची सही असायची. आता पडद्यावर एक आकडा असतो, दिवसभर हिरवा-लाल होणारा. मालकीची खूण म्हणून उरलेला हा आकडा माणसाला सतत भावाकडे बघायला लावतो आणि कंपनीकडे बघायचं विसरायला लावतो.

म्हणूनच लहान भागधारकाचा विश्वास भाव पडला की उडतो, अशी सर्रास समजूत आहे. ती मला पटत नाही. मंदी, महागलेला कच्चा माल, फसलेला विस्तार, एखादं तोट्याचं वर्ष हे सगळं समजून घेण्याइतकी समज त्याला असते. चूक आणि लबाडी यांतला फरक त्याला कुणी शिकवावा लागत नाही. विश्वास उडतो तो कंपनीचा खिसा आणि मालकाचा खिसा एक झालेला दिसला की. रक्कम किती, हा त्यातला दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की सौदा ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसला होता का?

हे नुसतं बोलून भागणार नाही, म्हणून एका खऱ्या सभेकडे जाऊ. रेमंड हे नाव ठाणे जिल्ह्याला परकं नाही. 1925 साली ठाण्यात लोकरीची गिरणी उभी राहिली, 1944 मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली, आणि पुढे सुटाच्या कापडाची ती खोक्यातली जोडी मराठी लग्नांत जावयाच्या आहेरात मानाने ठेवली जाऊ लागली. गिरणी बंद पडून आता दीड दशक झालं. तिच्या जमिनीवर घरांचे मनोरे उभे आहेत. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय मात्र रत्नागिरीजवळच्या झाडगावला आहे. सभा नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच गावात-शहरात घ्यावी, असा कायद्याचा दंडक असल्यामुळे रेमंडचे भागधारक रत्नागिरीला जमत. 5 जून 2017 च्या सभेपुढे एक ठराव होता. मुंबईत ब्रीच कँडीला कंपनीच्या मालकीची जेके हाउस ही इमारत. तिथे राहणाऱ्या प्रवर्तक कुटुंबातल्या मंडळींशी 2007 साली करार झाला होता, की इमारत नव्याने बांधल्यावर त्यांना त्यातले प्रशस्त फ्लॅट चौरस फुटाला सुमारे 9 हजार रुपये दराने मिळावेत. 2017 साली त्या भागातला बाजारभाव लाखाच्या आसपास होता. भागधारकांना मतदानाबद्दल सल्ला देणाऱ्या आयआयएएस या संस्थेने हिशेब मांडला, की हा व्यवहार झाला तर कंपनीच्या हातून 650 कोटी रुपयांहून जास्त किंमत जाईल, म्हणजे दर शेअरमागे शंभराहून अधिक रुपये.

प्रवर्तकांकडे तेव्हा चाळीस टक्क्यांहून थोडे जास्त शेअर होते. एरवी एवढ्या हिश्शावर कुठलाही साधा ठराव सहज निघून जातो, कारण बाकीचे बरेचसे लोक मतच देत नाहीत. पण या ठरावात त्यांचा स्वतःचा संबंध असल्यामुळे त्यांना मत देता येत नव्हतं. उरलेल्यांनी मतं दिली, आणि पडलेल्या मतांपैकी जवळपास 98 टक्के विरोधात गेली. ठराव पडला. कंपनीच्या मालमत्तेचा सौदा कंपनीच्या मालकांनीच रोखला, आणि तो रोखणाऱ्यांत दहा-दहा शेअरवालेही होते.

सामाईक सातबाऱ्याची जमीन ज्यांच्या घरात आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. पाच खातेदारांतला थोरला सगळं बघतो, खटपट करतो, तलाठ्याकडे खेपा घालतो, बाकीचे मुंबईला किंवा कल्याणला. तोवर कुणाची तक्रार नसते. पण रस्त्याकडेचा तुकडा त्याने परस्पर आपल्याच मुलाला जुन्या दराने द्यायचं ठरवलं, की वीस वर्षांचा भरवसा एका दुपारी संपतो. तो तुकडा पाच गुंठ्यांचा असो की पन्नास, तो भरवसा परत येत नाही. आजवरच्या प्रत्येक हिशेबाकडे, विहिरीच्या खर्चाकडे, विकलेल्या गवताच्या पैशांकडे मागे वळून बघावंसं वाटू लागतं. व्यवस्थापनावरचा विश्वास असाच मागच्या वर्षांवरही उलटतो, आणि म्हणून त्याची किंमत त्या एका व्यवहाराच्या किमतीहून कितीतरी मोठी असते.

यावर पहिला आक्षेप असा, की करार 2007 चा होता, तो कायदेशीर होता, राहणाऱ्यांचे काही हक्क होते, आणि ज्या घराण्याने कंपनी वाढवली त्याला एवढंही मिळू नये का? या आक्षेपात तथ्य नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. जुन्या भाडेकरूचे हक्क मुंबईत खरोखरच असतात, आणि करारावरून पुढे सिंघानिया पितापुत्रांमध्ये उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. कंपनीने ठराव भागधारकांपुढे मांडला, लपवला नाही, हेही नोंदवायला हवं. कोर्टाने कराराचा अर्थ काय लावायचा तो लावावा. भागधारकाला विचारलेला प्रश्न वेगळा होता: आजच्या दिवशी ही मालमत्ता या दराने यांना द्यायला तुमची संमती आहे का? त्याचं उत्तर त्याने दिलं. कंपनी वाढवणाऱ्याला मोबदला जरूर मिळावा. त्यासाठी पगार आहे, कमिशन आहे, लाभांश आहे, आणि हे सगळं अहवालात छापलं जातं, त्यावर मत घेतलं जातं. उघड घेतलेल्या जास्त पगारावर भागधारक चिडतो, भांडतो, पण विश्वास गमावत नाही. स्वस्तात दिलेल्या घराचं तसं नाही, कारण ते न मिळालेल्या पैशाच्या रूपात असतं आणि न मिळालेला पैसा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

घरच्या घरात झालेला सौदा मी एवढा गंभीर मानतो त्याचं दुसरं कारण सत्यम. 16 डिसेंबर 2008 रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या संचालक मंडळाने अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित दोन मायटास कंपन्या सुमारे 160 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअर कंपनीने बांधकाम आणि जमिनीच्या धंद्यात का पडावं, हे कुणालाच समजेना. मंडळात नामांकित स्वतंत्र संचालक होते, तरी होकार मिळाला होता. भागधारकांनी इतका गदारोळ केला की काही तासांतच निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 ला राजूंचं पत्र आलं. ताळेबंदात दाखवलेल्या रोकड आणि बँक शिलकीतले 5 हजार 40 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. ती पोकळी खऱ्या मालमत्तेने भरायची शेवटची धडपड म्हणजे तो मायटासचा सौदा होता. म्हणजे जे लेखापरीक्षकांना वर्षानुवर्षं सापडलं नाही किंवा त्यांनी बघितलं नाही, त्याचा पहिला वास भागधारकांना एका न पटणाऱ्या घरगुती खरेदीत आला. तेव्हा अशा खरेदीवर भागधारकांचं मत घेणं बंधनकारक नव्हतं. त्यानंतर 2013 चा कंपनी कायदा आला, सेबीचे नियम कडक झाले, आणि मोठ्या व्यवहारांत संबंधितांना मतदानापासून दूर ठेवण्याची तरतूद झाली. सत्यममध्ये पोळल्यावर आलेली ही तरतूद रत्नागिरीच्या सभेत कामाला आली.

दुसरा आक्षेप बाजारात रोज ऐकू येतो. पटत नसेल तर विका आणि मोकळे व्हा, दहा शेअरवाल्याने कंपनी सुधारायला का बसावं? सल्ला व्यवहारी आहे आणि काही वेळा तोच योग्यही आहे. पण त्यात एक गृहीत आहे, की बाहेर पडायचं दार विश्वास उडाला त्या क्षणी उघडंच असेल. सत्यमचं पत्र आलं त्या दिवशी शेअरने एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत गमावली. दिवाण हाउसिंग या गृहकर्ज कंपनीच्या बाबतीत जून 2021 मध्ये दिवाळखोरीतला तोडगा मंजूर झाला, कंपनी पिरामल समूहाकडे गेली आणि जुन्या भागधारकांच्या हाती शून्य आलं. शेवटपर्यंत ते शेअर घेणारे लोक होते, बहुतेक लहानच. मोठ्याला आधी कळतं, लहानाला भाव पडल्यावर कळतं, म्हणून विकून मोकळं होण्याचं स्वातंत्र्य दोघांना सारखं नसतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. रेमंडचा शेअर 2017 नंतर बराच खाली गेला, टाळेबंदीत तर फारच, आणि नंतर तेव्हाच्या भावाच्या किती तरी वर चढला. रागाने विकलेल्यांचा तोटा झाला असेल. म्हणजे विश्वास आणि भाव या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. अविश्वासाच्या काळातही कंपनीच्या जमिनीची, यंत्रांची, नावाची किंमत असतेच, आणि त्या किमतीवर ज्याचा हक्क आहे त्याने ती सोडून निघून जावं हाच सल्ला का द्यायचा? तो जातो तेव्हा ज्याच्यावर विश्वास उडालाय तो माणूस जागेवरच राहतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. रत्नागिरीला ठराव पाडला तो परदेशी गुंतवणूकदारांनी, म्युच्युअल फंडांनी, विमा कंपन्यांनी. इथल्या किन्हवली किंवा टोकावड्याच्या दहा शेअरने काय फरक पडला? संख्येच्या हिशेबात हे खरं आहे. पण त्या संस्थांकडचा पैसा कुणाचा आहे? मुरबाडच्या कारखान्यातल्या ज्या कामगाराचा पीएफ कापला जातो, त्याचा थोडा हिस्सा ऑगस्ट 2015 पासून ईटीएफमार्फत शेअरबाजारात जातो आहे. त्याने डीमॅट खातं कधी उघडलं नसेल, तरी देशातल्या मोठ्या कंपन्यांत त्याचा वाटा आहे. महिन्याला पाचशे रुपयांची एसआयपी भरणाऱ्या अंगणवाडी सेविकेचाही आहे, एलआयसीची पॉलिसी असलेल्या बसवाहकाचाही आहे. सेबीने 2021 पासून म्युच्युअल फंडांना मत देणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं, आणि कुठल्या ठरावावर कसं मत दिलं व का, हे त्यांना जाहीर करावं लागतं. तो तक्ता कुणीही बघू शकतो. संस्था मोठी म्हणून तिचं मत मोठ्यांचं, असं मानून लहान माणूस आपला हक्क उगाच सोडून देतो. आणि जिथे मालकाचा स्वतःचा हिस्सा थोडा आहे तिथे तर थोड्या मतांनीही पारडं फिरतं. झी एंटरटेनमेंटमध्ये प्रवर्तक कुटुंबाकडे चार टक्क्यांच्या आसपासच शेअर होते. 28 नोव्हेंबर 2024 च्या सभेत पुनीत गोएंका यांच्या संचालकपदाच्या फेरनेमणुकीविरुद्ध निम्म्याहून किंचित जास्त मतं पडली आणि ठराव नापास झाला. ते मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून राहिले, म्हणजे मताने सगळं घडत नाही. पण निम्म्यापासून एवढं थोडं अंतर असताना मत न दिलेल्या प्रत्येकाला आपण कुठे होतो हा प्रश्न पडायला हरकत नाही.

मग सहकारात तरी काय वेगळं, असं कुणी विचारेल, आणि या तालुक्यांत तो प्रश्न यायलाच हवा. सोसायटीत माणशी एक मत, शेअर दहा असोत की हजार. कंपनीपेक्षा हे न्याय्य दिसतं. तरी सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी ही सहकारी बँक कोसळली तेव्हा माणशी एक मत असलेल्या सभासदांना एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं 21 हजारांहून अधिक बनावट खात्यांमागे दडवली आहेत याचा पत्ताच नव्हता. खातेदारांना आधी फक्त हजार रुपये काढता येत होते. मत समान होतं, माहिती नव्हती. म्हणून माझा भर मताइतकाच उघडेपणावर आहे. वार्षिक अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात टिपा असतात. कुणाला कर्ज दिलं, कुणाला भाडं दिलं, संचालकाच्या नातेवाइकाच्या कुठल्या फर्मकडून माल घेतला, प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत. गहाणाची माहिती जाहीर करणं सत्यमनंतर, जानेवारी 2009 पासून, सक्तीचं झालं. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला असेल तर त्याचं कारणही सांगावं लागतं. ही पानं इंग्रजीत असतात, आणि मराठीत त्यांचा सारांशही क्वचितच मिळतो. ज्या कंपन्या मराठी गावांत जमिनी घेतात, मराठी माणसांकडून काम करून घेतात, त्यांनी निदान संबंधित पक्षांच्या व्यवहारांचं एक पान मराठीत द्यावं, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही.

कायद्याने लहान भागधारकासाठी आणखी एक खिडकी ठेवली आहे आणि तिच्याकडे फार कुणाचं लक्ष नाही. 2013 च्या कायद्याच्या कलम 151 नुसार, ज्याच्याकडे 20 हजार रुपयांपर्यंत दर्शनी किमतीचे शेअर आहेत तो लहान भागधारक. सूचीबद्ध कंपनीत अशा एक हजार जणांनी, किंवा त्यांच्या एकूण संख्येच्या एक-दशांश जणांनी, यांत जी संख्या कमी असेल तितक्यांनी नोटीस दिली, तर ते आपल्यातून एक संचालक निवडून आणू शकतात, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. मंडळाच्या टेबलाशी एक माणूस, ज्याला घरचा सौदा विषयपत्रिकेवर येतानाच दिसेल. पण हे हजार जण एकमेकांना गाठणार कसे? सभासदांची नोंदवही भागधारकाला पाहता येते, मात्र अलीकडच्या नियमाने तिच्यातले पत्ते आणि ईमेल दिले जात नाहीत. खासगीपणा जपण्यासाठी ते बरोबरच आहे. त्यामुळे शहापूरच्या निवृत्त शिक्षकाला रत्नागिरीच्या दुकानदाराचं आणि धुळ्याच्या परिचारिकेचं नाव दिसू शकेल, ठिकाण दिसणार नाही. मतदान ज्या डिपॉझिटरीच्या पानावर होतं तिथे या तिघांची खाती शेजारी शेजारी आहेत. पत्ता न देता निरोप पोचवण्याची सोय तिथे करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ती मागायची कुणी आणि कुठे, सेबीकडे की कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे, हे आधी ठरवावं लागेल, आणि मागणाऱ्यांत पहिल्या शंभर जणांत आपल्या तालुक्याची चार नावं तरी असावीत.